वाहत गेलेला नारळ आणि अंतर-वेग-काळ

"बाई, ह्या गणितात गाड्या आपटतील."

गेल्या मंगळवारची संध्याकाळ. दुपारपासून पावसाने जोर धरलेला, वीज गेलेली, पडवीत चार्जिंगच्या दिव्याभोवती सात मुलं दाटीवाटीने बसलेली. त्यातल्या आठवीतल्या एकाने वही माझ्यापुढे सरकवली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने हे सांगितलं. गणित असं होतं: दोन स्थानकांमधलं अंतर १२० किलोमीटर. पहिल्या स्थानकावरून सकाळी ९ वाजता एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने निघते. दुसऱ्या स्थानकावरून साडेनऊला दुसरी गाडी ताशी ७५ किलोमीटर वेगाने तिच्या दिशेने निघते. दोन्ही गाड्या एकमेकींना किती वाजता भेटतील?

"आपल्याकडे रूळ एकच असता ना," तो म्हणाला. "मग भेटतील म्हणजे आपटतीलच."

बाकीची मुलं हसली. मला मात्र त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. एकोणीस वर्षं मी मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आहे आणि संध्याकाळी वाडीतली मुलं घरी येऊन बसतात. एवढ्या वर्षांत शाब्दिक उदाहरणं सोडवणारी शेकडो मुलं पाहिली, पण उदाहरणातली गाडी डोळ्यांपुढे आणून तिचे रूळ मोजणारी फार थोडी. बहुतेकांना दिसतात ते आकडे. १२०, ६०, ७५. मग हात आपोआप चालतो. कोणी १२० ला ६० ने भागतं, कोणी ७५ ने, कोणी दोन्ही उत्तरांची सरासरी काढतं. जरा हुशार असेल तो ६० आणि ७५ ची बेरीज करून १२० ला १३५ ने भागतो आणि तो मधला अर्धा तास विसरून जातो.

यात मुलांचा दोष आहे असं मला वाटत नाही. आम्ही त्यांना त्रिकोण शिकवतो. वर अंतर, खाली वेग आणि काळ, ज्याच्यावर बोट ठेवाल ते उत्तर. मीही पुष्कळ वर्षं तो फळ्यावर काढला. आता काढत नाही. एकाच गाडीच्या तीन गोष्टींपैकी दोन माहीत असतील तर त्या त्रिकोणाचा उपयोग. बीजगणितातल्या शाब्दिक उदाहरणात असं सरळ कधीच दिलेलं नसतं. एका गाडीबद्दल थोडं सांगितलेलं असतं, दुसरीबद्दल थोडं, आणि दोघींना बांधणारा धागा वाक्यात कुठेतरी लपलेला असतो. तो धागा सापडला की समीकरण आपलं आपण उभं राहतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एकच प्रश्न विचारायची सवय लावते: दोघांत समान काय आहे?

वेळ समान आहे का? अंतर समान आहे का? की दोघांची मिळून बेरीज ठरलेली आहे? हे ठरल्याशिवाय पेन्सिल कागदाला लावायची नाही.

तर त्या गाड्या. मी मुलांना म्हटलं, आधी क्ष विसरा आणि नऊ वाजता स्टेशनवर जाऊन उभे राहा. नऊ ते साडेनऊ पहिली गाडी एकटीच धावते आहे. ताशी ६०, म्हणजे अर्ध्या तासात ३० किलोमीटर. साडेनऊला दोघींमध्ये उरले ९० किलोमीटर. इथून पुढे दोघी चालू आहेत आणि भेट होईपर्यंत दोघींना लागणारी वेळ एकच आहे. समान काय, तर वेळ. एका तासात दोघी मिळून १३५ किलोमीटर खातात. ९० भागिले १३५ म्हणजे दोन तृतीयांश तास. चाळीस मिनिटं. दहा वाजून दहा मिनिटांनी भेट.

मग तेच बीजगणितात. पहिली गाडी निघाल्यापासून भेटीपर्यंत क्ष तास गेले असं मानलं, तर दुसरी त्याहून अर्धा तास कमी चालली:

६०क्ष + ७५(क्ष − ½) = १२०
१३५क्ष = १५७.५

इथे नववीतल्या एका मुलीने भागाकार केला, १.१६६ असं उत्तर आणलं आणि खाली टापटीप अक्षरात लिहिलं, "१ तास १६ मिनिटे". वर आम्ही काढलेलं उत्तर होतं १ तास १० मिनिटं. दोन्ही एकाच वहीत, एकाच पानावर, आणि तिला कळेना चुकलं कुठे.

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याबद्दल जरा थांबून लिहिते. तासात मिनिटं साठ, आणि दशांश चिन्हानंतरचे घर असतं दहाचं. अडीच तास मुलं २.३० लिहितात आणि तसेच गुणाकारात टाकतात. खरं तर आपल्या भाषेने हे काम आधीच करून ठेवलेलं आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन. जगातल्या किती भाषांत घड्याळ असं अपूर्णांकात बोलतं मला ठाऊक नाही, पण मराठीत बोलतं. "सव्वादोनला एस.टी. आहे" असं आजी म्हणते तेव्हा ती २.२५ म्हणत असते. नातू "टू फिफ्टीन" म्हणतो आणि वहीत २.१५ लिहितो. म्हणून माझ्या पडवीत वेळ मराठीतच बोलायची असा नियम आहे. भाषेच्या अभिमानासाठी नव्हे, गणितासाठी. त्या मुलीला मी म्हटलं, १.१६६ मधलं ते .१६६ म्हणजे तासाचा सहावा भाग. तासाचा सहावा भाग किती? ती पटकन म्हणाली, "दहा मिनिटं." मग तिनेच १६ वर काट मारली.

आता रुळाचा प्रश्न. तो मुलगा वाट बघत बसला होता आणि त्याला उत्तर देणं मला भागच होतं.

कोकण रेल्वे रोह्यापासून खाली ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. १९९८ च्या २६ जानेवारीला हा सगळा मार्ग सुरू झाला, आणि आजही त्यातला बराचसा एकेरी आहे. गणपतीला घरी येणाऱ्या चाकरमान्यांना विचारा. गाडी कुठल्याशा लहान स्टेशनात उभी राहते, आजूबाजूला भातशेती आणि बेडकांचा आवाज, कोणीतरी म्हणतं "क्रॉसिंग आहे," आणि दहा-वीस मिनिटांनी समोरून धडधडत दुसरी गाडी जाते. पुस्तकातल्या गाड्या कुठेही भेटतात. आमच्या गाड्यांना स्टेशनातच भेटावं लागतं, कारण दुसरा रूळ तिथेच आहे.

मी मुलांना म्हटलं, चला, ह्या दोन गाड्या कोकण रेल्वेवर आणू. आपल्या उत्तराप्रमाणे भेट पहिल्या स्थानकापासून ७० किलोमीटरवर होते. समजा, ७० व्या किलोमीटरवर नुसता डोंगर आहे. एक स्टेशन ६० व्या किलोमीटरवर, पुढचं ८० व्या. आता काय करायचं?

वीज आली होती, पण कोणाचं लक्ष नव्हतं. दोन गट पडले. एक म्हणे पहिली गाडी ६० ला थांबवा. ती तिथे दहाला पोचते. दुसरीला ६० व्या किलोमीटरपर्यंत यायचं तर ६० किलोमीटर चालावं लागेल, ताशी ७५ ने ४८ मिनिटं, म्हणजे १० वाजून १८ मिनिटं. पहिली गाडी १८ मिनिटं खोळंबली. दुसरा गट म्हणे, नको, दुसरीलाच ८० ला थांबवा. ती तिथे ४० किलोमीटर चालून १० वाजून २ मिनिटांनी येते. पहिली तिथे पोचते १० वाजून २० ला. खोळंबा पुन्हा १८ मिनिटं!

दोन्हीकडे तेवढाच. मुलं एकमेकांच्या वह्या तपासायला लागली. मग एकाच्या लक्षात आलं की भेटीची जागा दोन्ही स्टेशनांपासून दहा-दहा किलोमीटरवर आहे. ते दहा किलोमीटर एकीला ताशी ६० ने कापायला लागतात १० मिनिटं, दुसरीला ताशी ७५ ने ८ मिनिटं. कोणीही थांबलं तरी बेरीज तीच. मग थांबवायचं कोणाला, हे गणित सांगत नाही. ते नियंत्रण कक्षातला माणूस ठरवतो, कुठली गाडी महत्त्वाची आणि कुठली आधीच उशिरा धावते आहे ते बघून.

रेल्वेच्या नियंत्रण कक्षात यासाठी एक तक्ता असतो. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर एकाखाली एक स्थानकं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी जितकी वेगवान तितकी रेघ उभी चढते. गाडी थांबली की रेघ आडवी होते. इकडून जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा एका अंगाला झुकलेल्या, तिकडून येणाऱ्यांच्या दुसऱ्या अंगाला. एकेरी मार्गावर दोन विरुद्ध रेघा एकमेकींना छेदतील त्या स्थानकाच्या रेषेवरच. इतर कुठे छेदल्या तर तो तक्ता चुकला. आमच्या पुस्तकात आलेखाचा धडा वेगळा, रेषीय समीकरणांचा वेगळा आणि अंतर-वेग-काळाची उदाहरणं तिसरीकडेच. हा तक्ता म्हणजे तिन्ही धडे एका कागदावर. त्या रात्री आठवीतल्या त्या मुलाने चौकटीच्या कागदावर दोन गाड्यांच्या रेघा काढल्या आणि त्या ७० वर छेदलेल्या पाहून म्हणाला, "हीच ती आपटायची जागा."

रेल्वेचा विषय निघाला आहे तर बोगद्याचंही सांगते, कारण त्यावरून आमच्याकडे मागच्या वर्षी भांडण झालं होतं. रत्नागिरीच्या वरच्या अंगाला करबुड्याचा बोगदा आहे, सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा. गाडीची लांबी अर्धा किलोमीटर धरली आणि वेग ताशी ६०, तर बोगदा पार करायला किती वेळ? पुस्तकी उत्तर सात मिनिटं, कारण इंजिन आत शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत गाडीला बोगद्याची लांबी अधिक स्वतःची लांबी एवढं जावं लागतं. मुंबईला मामाकडे जाऊन आलेली एक मुलगी ऐकायलाच तयार नव्हती. ती म्हणत होती, माझ्या डब्यात अंधार साडेसहा मिनिटंच होईल. आणि ती बरोबर होती! खिडकीत बसलेल्या माणसाला स्वतःची लांबी नसते, म्हणजे गाडीच्या मानाने नसतेच. गाडी बोगद्यात सात मिनिटं, प्रवासी साडेसहा. प्रश्न कोणाचा आहे ते आधी बघायला हवं. तेव्हापासून मी "आगगाडी पूल ओलांडते" हे वाक्य आलं की विचारते, कोण ओलांडतंय? इंजिन, शेवटचा डबा, की तू?

पावसाळी वेळापत्रक हा आणखी एक खजिना. जूनमध्ये ते लागू होतं आणि ऑक्टोबरमध्ये संपतं. दरडी, निसरडे कातळ, धुवांधार पावसात न दिसणारा पुढचा रूळ, यामुळे गाड्यांचे वेग उतरवतात. इथे मी विचारते: समजा वेग पाऊणपट केला, तर त्याच प्रवासाला वेळ किती वाढेल? दहातली नऊ मुलं म्हणतात, पाव कमी केला म्हणजे वेळ पाव वाढेल, सव्वापट. करून बघा. ३०० किलोमीटर, ताशी १०० ने तीन तास. ताशी ७५ ने चार तास. सव्वापट असती तर पावणेचार झाली असती. वाढ एक तृतीयांशाची झाली. वेग पाऊण झाला की वेळेसाठी पाऊण उलटा करून घ्यायचा, चार भागिले तीन. समान काय होतं? अंतर. वेग आणि वेळ यांचा गुणाकार जागचा हलला नाही, म्हणून एकाने जितके पट गमावलं तितके पट दुसऱ्याने भरून काढलं.

घाटाचं उदाहरण याचंच भावंड. सावंतवाडी ते आंबोली ३० किलोमीटर धरा. एस.टी. चढताना ताशी २० ने गेली, उतरताना ताशी ३० ने आली. सरासरी वेग? सगळे २५ म्हणतात. चढायला दीड तास, उतरायला एक तास. साठ किलोमीटरला अडीच तास, सरासरी २४. चढणीचा वेग जास्त वेळ सोबत होता, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकली. एवढंच.

दहावीच्या मुलांसाठी मी नेहमी भास्कराचार्यांचा मोर काढते. लीलावतीतलं उदाहरण, इसवी सन ११५० च्या सुमाराचं. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हातांवर आहे आणि बिळाकडे निघाला आहे. मोर तिरकी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर मोर त्याला गाठेल? ना ताशी किलोमीटर दिले, ना मिनिटं. पहिल्यांदा वाचलं की मुलं म्हणतात, बाई, माहिती अपुरी आहे. पण समान काय ते विचारलं की कुलूप उघडतं. वेग सारखा, निघण्याची वेळ एक, गाठण्याची वेळ एक. मग दोघांनी कापलेलं अंतरही सारखंच. बिळापासून क्ष हातांवर गाठलं, तर साप चालला २७ − क्ष, आणि मोराची झेप हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण:

८१ + क्ष² = (२७ − क्ष)²
८१ = ७२९ − ५४क्ष
क्ष = १२

साप १५ हात चालला, मोर १५ हात झेपावला. नऊ, बारा, पंधरा. वेग आणि काळ दोन्ही न सांगता वेग-काळाचं गणित! नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी हे बसून रचलं याचा मला दर वर्षी नव्याने आनंद होतो आणि तो मी लपवत नाही.

पण "समान काय" हा प्रश्न मी भास्कराचार्यांकडून शिकले नाही. तो मला खाडीत मिळाला.

माझे बाबा कालावलच्या खाडीत होडी चालवायचे. पलीकडच्या काठावर आमचे थोडे माड होते, शिवाय लोकांची ने-आण, कधी चिरे, कधी गवताचे भारे. शाळा त्यांची चौथीपर्यंत. पण पाऊणकी तोंडपाठ. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. ती त्यांना रोज लागायची, कारण भरतीची वेळ पाऊणकीत असते. आज तिथी कुठली? अष्टमी. आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशी असेल तर सव्वाआठ. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथीगणिक पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेब. बंदराप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, पण होडी पाण्यात लोटायला तेवढा अंदाज पुरतो. उधाण आणि भांग, म्हणजे भरतीचा जोर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी असण्याचे दिवस, त्यांना पंचांगाआधी पाण्याच्या रंगावरून कळायचे. वेग म्हणजे ताशी किलोमीटर एवढंच मी शाळेत शिकले. तिथीमागे पाऊण तास हाही वेगच, हे मला फार उशिरा उमगलं.

मी पाचवीत होते. चौथीच्या शिष्यवृत्तीसाठी मामाने मला मनगटी घड्याळ दिलं होतं आणि मी ते अंगावरून काढत नव्हते. त्या दिवशी ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि आम्ही वरच्या अंगाला, पाण्याविरुद्ध, घराकडे चाललो होतो. होडीत नारळांचा ढीग आणि त्यावर बाबांनी निवडून ठेवलेला बियाण्याचा एक नारळ, आमच्या सगळ्यात चांगल्या माडाचा. वाटेत होडी जाळ्याच्या एका खुंटाला घासली आणि चांगलाच हेलकावा बसला. घड्याळ भिजलं का ते मी बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढे बऱ्याच वेळाने बाबांनी मागे वळून पाहिलं तर तो नारळ नाही. "खुटाकडे पडलो," ते म्हणाले आणि त्यांनी होडी फिरवली. मी घड्याळ पाहिलं, पाच पंचवीस.

मी रडवेली झाले होते. पाणी जोरात होतं. आपण पंधरा मिनिटं पुढे आलो, तेवढ्यात नारळ पंधरा मिनिटं मागे वाहून गेला, आता तो समुद्राला मिळेल असं मला वाटत होतं. बाबा शांतपणे वल्हं मारत होते. म्हणाले, "पाच चाळीसाक गावतलो."

गावला. मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकाने, पण गावला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? बाबा म्हणाले, "पाणी बगू नको गो बाय. पाणी तेकाय न्हेता, आपणाकय न्हेता. नारळ पाण्यात जागच्या जागी आसा. आपण पंधरा मिन्टां लांब इलों, पंधरा मिन्टांत जावक व्हया."

पाणी त्यालाही नेतं, आपल्यालाही नेतं. समान काय, तर पाणी.

नववीत अगदी हेच गणित वर्गात आलं. नारळाच्या जागी टोपी होती आणि खाडीच्या जागी नदी. मी एका ओळीत उत्तर लिहिलं, "१५ मिनिटे". माझ्या वहीवर लाल फुली आली, खाली शेरा, "उत्तर कोणाचे पाहून लिहिले?" मी कोणाचंही पाहिलं नव्हतं. पण ते सिद्ध करायला माझ्याकडे शब्दही नव्हते आणि समीकरणही नव्हतं. "पाणी दोघांनाही नेतं" असं म्हणाले असते तर वर्ग हसला असता, म्हणून गप्प बसले. बरोबर उत्तर माहीत असून ते मांडता न येणं किती टोचतं ते मी त्या दिवशी शिकले. आज कोणी मूल माझ्याकडे पायऱ्यांशिवाय नुसतं उत्तर घेऊन आलं तर मी आधी विचारते, "कसं दिसलं तुला?" आणि त्याला जे दिसलं ते अक्षरांत कसं उतरवायचं एवढंच दाखवते. बीजगणिताचं काम माझ्या मते तेच आहे.

मंगळवारी रात्री मुलं गेल्यावर मी ते गणित पुन्हा एकदा नीट मांडायला बसले, या आठवड्यात नववीला घ्यायचं म्हणून. होडीचा स्थिर पाण्यातला वेग ह, पाण्याचा वेग प, दोन्ही मिनिटाला धरलेले. पाण्याविरुद्ध होडीचा वेग ह − प. पंधरा मिनिटांत ती खुंटापासून १५(ह − प) वर गेली, नारळ उलट दिशेला १५प खाली गेला. दोघांमधलं अंतर:

१५(ह − प) + १५प = १५ह

प गेला. आता होडी फिरली. तिचा वेग ह + प, आणि पुढे पळणाऱ्या नारळाचा प. दर मिनिटाला त्यांच्यातलं अंतर कमी होतं ते:

(ह + प) − प = ह

पुन्हा प गेला. १५ह भागिले ह, पंधरा मिनिटं. ओहोटी कितीही जोराची असो, होडी कितीही हळू असो, जोवर ती पाण्यापेक्षा जोरात वल्हवली जाते तोवर उत्तर बदलत नाही.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. होडी विकून झाली, गुडघे दुखतात, पण संध्याकाळी पडवीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते मुलांचा गोंधळ ऐकत असतात. माझ्या हातातला कागद बघून त्यांनी तो मागितला, दिव्याकडे धरला आणि ज्या अक्षरांवर मी काट मारली होती तिथे बोट ठेवलं.

"ह्यां कित्याक खोडलंस?"

"तां पाणी, बाबा. होडयेक आणि नारळाक सारक्याच न्हेता, म्हणान खोडलंय."

त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा एकदा निरखून पाहिल्या. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला.

"मगे बरोबर," ते म्हणाले.